पावती मिळाली, हिशेब कुठे आहे?

मार्च संपत आला की सामाजिक संस्थांच्या कार्यालयांतले फोन वाढतात. देणगीदाराला पावती हवी असते, तीही ३१ तारखेच्या आतली. ती हाती पडून सीएकडे गेली की त्याच्या लेखी व्यवहार मिटतो. मुलांच्या वसतिगृहासाठी दिलेल्या पैशांचे पुढे काय झाले, हे वर्षभरात क्वचितच कुणी विचारतो. ८०-जीची नोंदणी हा करसवलतीचा परवाना आहे. संस्थेचे काम तपासून दिलेले ते प्रशस्तिपत्र नव्हे. आपण मात्र पावतीवरचा तो क्रमांक पाहून निर्धास्त होतो, आणि हा निर्धास्तपणा संस्थांना, विशेषतः चांगल्या संस्थांना, महागात पडणार आहे.

महाराष्ट्रात कायद्याची उणीव आहे असे म्हणता येत नाही. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा १९५० पासून आपल्याकडे आहे. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते, विश्वस्त बदलले तर बदल अर्ज द्यावा लागतो, स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ प्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या, स्वतंत्र नोंदणी नसलेल्या मंडळालाही कलम ४१-क खाली परवानगी लागते. लेखापरीक्षकावर तर कलम ३४ ने स्पष्ट जबाबदारी टाकली आहे: खर्च बेकायदा, अनियमित किंवा अयोग्य दिसला तर तसे अहवालात लिहायचे. इतकी तरतूद असूनही हे अहवाल बहुतेक वेळा फायलीतच राहतात. देशपातळीवरचे चित्र याहून वाईट आहे. स्वयंसेवी संस्थांच्या हिशेबांविषयीच्या जनहित याचिकेत सीबीआयने सर्वोच्च न्यायालयाला जी माहिती दिली, तिच्यानुसार नोंदणीकृत संस्थांपैकी जेमतेम १० टक्के संस्था आपले जमाखर्च नोंदणी कार्यालयाला सादर करत होत्या. ही याचिका सुरू झाली ती राळेगणसिद्धीच्या हिंद स्वराज ट्रस्टवरील आरोपांतून; पुढे न्यायालयाने तिची व्याप्ती देशभरातल्या संस्थांपर्यंत वाढवली.

ज्या संस्था हिशेब देतात, त्यांच्याबाबतही एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. लेखापरीक्षक व्हाउचर पाहतो, वह्या जुळवतो, ताळेबंदावर सही करतो. शंभर मुलींना सायकली दिल्याचे बिल खरे असू शकते. त्या मुली शाळेत टिकल्या का, सायकली गरजू घरांत गेल्या की विश्वस्तांच्या ओळखीतल्या घरांत, हे बिलावरून कळत नाही. ते कळायला संस्थेने कामाचा अहवाल लिहावा लागतो, आणि तो वाचणारा कुणीतरी असावा लागतो.

पारदर्शकता म्हणजे चोरी पकडणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकन रेड क्रॉसने ‘लिबर्टी फंड’ उभारला आणि त्यात पन्नास कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. पैसे कुणी पळवले नव्हते. पण संस्थेने त्यातला मोठा हिस्सा पुढच्या आपत्तींसाठी आणि इतर कामांसाठी राखून ठेवायचे ठरवले होते. लोकांनी दिले होते ते हल्ल्यातल्या पीडितांच्या कुटुंबांसाठी. हे उघड झाल्यावर संताप उसळला. अध्यक्षा बर्नाडीन हीली यांनी त्याच काळात राजीनामा दिला होता, आणि नोव्हेंबरमध्ये संस्थेला माघार घेऊन सगळा निधी पीडितांसाठीच वापरण्याचे जाहीर करावे लागले. संस्थेची बाजू अगदीच चुकीची होती असे मला वाटत नाही. पुढच्या संकटाची तयारी कुणीतरी करायलाच हवी. पण ते देणाऱ्याला आधी सांगायला हवे होते. इतकी जुनी, इतकी नावाजलेली संस्था इथे घसरू शकते, तर पूर किंवा दुष्काळाच्या नावाने आपल्याकडे जमणाऱ्या निधीबाबत आपण किती सावध असायला हवे?

सरकारने इतक्या वर्षांत पारदर्शकता वाढवली ती एकाच दिशेने. २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला करसवलत मिळत नाही. २०२१-२२ पासून संस्थांना देणगीदारांची यादी प्राप्तिकर खात्याला कळवावी लागते. कुणी किती दिले, हे त्यातून सरकारला नेमके कळते. दिलेल्याचे काय झाले, हे देणाऱ्याला कळवण्याचे बंधन मात्र त्यात नाही.

देणगीदार विचारत नाही तेव्हा ती जागा सरकार भरून काढते, आणि सरकारचा हात जड असतो. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. मेळघाट किंवा गडचिरोलीसारख्या भागात चार-पाच कार्यकर्त्यांनी चालवलेल्या छोट्या संस्थेला परदेशी देणगीदारापर्यंत थेट पोहोचता येत नाही. तिला असा निधी मोठ्या संस्थेमार्फतच मिळू शकत होता. तो रस्ता बंद झाला. गैरव्यवहार करणाऱ्यांची शिक्षा प्रामाणिकांनाही भोगावी लागते ती अशी.

प्रशासकीय खर्चावरून संस्था जोखण्याची सवय आपल्यालाही लागली आहे, आणि ती घातक आहे. ‘तुमचा प्रत्येक रुपया थेट गरजूंपर्यंत’ असे सांगणाऱ्या संस्थेपासून मी जरा सावध राहतो. हिशेब लिहिणाऱ्याला पगार लागतो, आदिवासी पाड्यावर जाणाऱ्या कार्यकर्तीला एसटीचे तिकीट लागते, लेखापरीक्षकाला शुल्क द्यावे लागते. हा खर्च नाही असे म्हणणारी संस्था एकतर तो दुसऱ्या शीर्षाखाली लपवते, किंवा कार्यकर्त्यांना राबवून घेते. विचारायचे ते वेगळेच आहे. विश्वस्तांत एकाच घरातली किती माणसे आहेत? संस्थेची जागा कुणाच्या मालकीची आहे आणि भाडे कुणाला जाते? गेल्या वर्षी विशिष्ट कामासाठी मिळालेली रक्कम त्याच कामावर खर्च झाली का, आणि उरली असेल तर ती कुठे दिसते?

पुढची देणगी देण्याआधी संस्थेकडे गेल्या वर्षाचा ताळेबंद, लेखापरीक्षकाचा पूर्ण अहवाल आणि विश्वस्तांची यादी मागा. देणगी विशिष्ट कामासाठी असेल तर ते पावतीवर लिहून घ्या. कागद देण्याची टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकाराखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करता येतो. आणि जी संस्था न कुरकुरता सगळे कागद पाठवेल, तिला एक वर्ष देऊन थांबू नका. दरवर्षी द्या, आणि दरवर्षी विचारा.