शरावाच्या मातीचाही विचार व्हावा

रसशाळेत औषधीद्रव्याच्या शोधनाची जेवढी चिकित्सा होते, तेवढी ते द्रव्य ज्या शरावात अग्नीला सामोरे जाते त्या शरावाची होत नाही. रसरत्नसमुच्चयात मूषेच्या मृत्तिकेचा तपशीलवार विचार आहे. आम्ही मात्र बाजारात मिळेल तो शराव आणतो.

काही वर्षांपूर्वी मालवणच्या पावसाळ्यात आम्हांला हा हलगर्जीपणा भोवला. कापडमाती पुरती वाळण्याआधीच शंखभस्माचे संपुट पुटात ठेवले. शराव तडकला आणि शुभ्र भस्मात तांबूस कण मिसळले. ते सर्व भस्म टाकून द्यावे लागले. दोष कुंभाराचा नव्हे, आमचाच होता.

मातीत पाणी दोन प्रकारचे असते. ओलाव्याचे पाणी १०० अंश सेल्सियसच्या आसपास निघून जाते. त्याची झपाट्याने वाफ झाली की शराव फुटतो. दुसरे पाणी खनिजाच्या घडणीतच बांधलेले असते. सिंधुदुर्गात सापडणाऱ्या चिनी मातीतील केओलिनाइट हे पाणी सुमारे ४५० ते ६०० अंशांवर सोडते. त्याचे वजन जवळजवळ १४ टक्क्यांनी घटते, मूळ स्फटिकरचना मोडते आणि मग ती माती पाण्यात कालवली तरी तिचा पुन्हा चिखल होत नाही. सुमारे ९८० अंशांवर नवी रचना आकार घेऊ लागते. जांभ्या मातीतील पिवळसर गोएथाइट मात्र ३०० अंशांच्या आसपासच तांबडे हेमॅटाइट बनते. म्हणजे शराव लाल दिसला म्हणून तो पक्का भाजला, असे समजणे चुकीचे आहे.

शंख, प्रवाळ, कपर्दिका यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. तीव्र अग्नीत त्यांचा चुना होतो आणि चुना मातीतील सिलिकेशी संयोग पावू शकतो. शरावाला चिकटलेला थर खरवडून भस्मात मिसळणे म्हणजे रुग्णाला माती देणे होय.

‘पारंपरिक पुटाला तापमापक कशाला?’ असे काही ज्येष्ठ वैद्य विचारतील. शास्त्रकारांनी खड्ड्याचे माप आणि गोवऱ्यांची संख्या सांगितली, ते अग्नीचे मापनच नव्हे काय?

म्हणून आमची विनंती एवढीच. नव्या शरावांपैकी एकाचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवावा; तो विरघळू लागला तर ते शराव परत करावेत. संपुट पूर्ण वाळवावे. प्रत्येक पुटाचे तापमान नोंदवावे. शंखभस्माची चिमूट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून तळाशी गाळ उरतो का, हे पाहावे. या परीक्षांना खर्च अल्प आहे. रुग्णाच्या विश्वासाचे मोल मात्र फार मोठे आहे.