गॅरेजकडे जाणारी पडवी

माझ्या मुलाचं घर मिनेसोटात आहे. घर आणि गॅरेज यांना जोडणारी आठ-दहा फुटांची एक बंदिस्त वाट आहे तिथे. तिकडे तिला ब्रीझवे म्हणतात, मी पडवी म्हणते. जानेवारीत बाहेर उणे २५ सेल्सिअस असतं तेव्हा या पडवीत बादलीतलं पाणी रात्रीतून गोठतं.

मुलाच्या मनात आलं की या पडवीच्या भिंतींत फायबरग्लास भरायचं, एक हीटर लावायचा आणि तिथे "आईची खोली" करायची. ह्यांच्या पश्चात मी कायमची तिकडेच राहावं, असं त्याला वाटतं. त्याची माया मला कळते. पण बेत चुकीचा होता, आणि तसं मी बोलले.

तुम्ही म्हणाल, जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला बांधकामातलं काय कळतं? फारसं नाहीच. पण गोधडी स्वतः तापत नाही, एवढं कळतं. आत ऊब देणारं अंग असेल तर ती धरून ठेवते. पडवीत ऊब नाहीच. घराकडची भिंत आधीच भरलेली, त्यामुळे घरातूनही ती येत नाही. मग नुसतं भरून काय होणार? थंडी जरा उशिरा आत येईल, इतकंच. आणि हीटर लावायचा तर तीन बाजूंच्या भिंती, छप्पर, जमीन सगळंच भरावं लागणार. भरताना बाष्प अडवणारा प्लॅस्टिकचा पडदा उबदार बाजूला हवा, नाहीतर आतली दमट हवा भिंतीत शिरून तिथे पाणी होतं आणि लाकूड कुजतं. फोमचे तक्ते लावले तर ते उघडे ठेवता येत नाहीत, पेट घेतात. त्यांवर अर्धा इंच जिप्समचा पत्रा लागतो. एवढा खर्च कशासाठी?

माझी खरी काळजी निराळीच होती. सकाळी गॅरेजमध्ये गाडी सुरू होते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. हिवाळ्यात घरातली गरम हवा वरच्या फटींतून निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते, त्यात गॅरेजचीही आली. अशा जागी कुणाला झोपवायचं? तिकडच्या बांधकामाच्या नियमांतसुद्धा गॅरेजचं दार थेट झोपण्याच्या खोलीत उघडू देत नाहीत.

कोकणातल्या आमच्या घराला पडवी होती. पावसाळ्याआधी तिला नारळाची झापं बांधायचे. तरी ती ओलसर असायचीच, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसे. पाऊस तिने झेलायचा म्हणजे माजघर कोरडं राहायचं. मिनेसोटातली पडवीही तेच करते, फक्त पावसाऐवजी थंडी झेलते. असो.

बरीच वादावादी झाली. "आई, तुला इथे राहायचंच नाही, म्हणून तू हे सगळं काढतेस," असंही तो म्हणाला. त्यात थोडं तथ्य होतं, ते मी नाकारलं नाही.

शेवटी दोन्ही दारांच्या कडांना रबरी पट्ट्या लावल्या, उंबऱ्याखालची फट बुजवली, झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडची घंटा बसवली. दोन शनिवारांत काम झालं. पडवी अजून थंडच आहे. फ्रिजमध्ये न मावलेलं आमटीचं पातेलं सूनबाई तिथे ठेवतात.

माझं परतीचं तिकीट मार्चचं आहे. खोलीचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही. मीही नाही.