अक्षर आणि अंतःकरण

गेल्या उन्हाळ्यांत परीक्षेचे निकाल लागले, त्या सुमारास आलापल्लीच्या बाजारांत एक छापील पत्रक वाटलें गेलें. कोऱ्या कागदावर मुलाच्या हातच्या दहा ओळी व खालीं त्याची सही एवढें शुल्कासह पाठवावें. म्हणजे मुलाचा स्वभाव कसा, तो कोणत्या नोकरीस लायक, वरिष्ठांशीं तो कसा वागेल आणि पैशाच्या व्यवहारांत त्याजवर कितपत विश्वास ठेवावा, हें सर्व त्याच्या अक्षरावरून कळवूं, असें त्यांत आश्वासन होतें. तीन पालक तें पत्रक घेऊन आम्हांकडे आले आणि "सर, पाठवूं काय?" असें विचारते झाले. त्या वेळीं आम्ही घाईंत "नको" म्हणालों. परंतु कारणावांचून दिलेला नकार शिक्षकास शोभत नाहीं. म्हणून तीं कारणें येथें सविस्तर मांडीत आहों.

अक्षराविषयींचा आदर मराठी मनांत खोल रुजलेला आहे. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेस वाहिला आहे. बाळाजी आवजींचें सुंदर अक्षर पाहून शिवछत्रपतींनीं त्यांस आपल्या पदरीं घेतलें, असें परंपरा सांगते. महात्मा गांधींनीं आपलें अक्षर वाईट राहिलें याचा आत्मचरित्रांत मनापासून खेद केला असून, वाईट अक्षर हें अपुऱ्या शिक्षणाचें लक्षण मानावें, असें मत दिलें आहे. परंतु या थोरांनीं अक्षराकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें, हें ध्यानांत घ्यावें. अक्षर ही त्यांच्या लेखीं कमावण्याची विद्या होती, कुंडली नव्हती. समर्थांनीं अक्षर घोटावयास सांगितलें, अक्षरावरून माणूस तोलावयास सांगितलें नाहीं.

हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याच्या या कलेस 'ग्राफॉलॉजी' हें नांव मिशों नांवाच्या एका फ्रेंच धर्मगुरूनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दिलें. पुढें फ्रान्समध्यें कित्येक पेढ्या व कारखाने नोकर निवडतांना उमेदवाराचें हस्ताक्षर या जाणत्यांकडे धाडूं लागले, आणि तीच चाल आज आपल्या शहरांतूनही दिसते. तिचे नियम ऐकावयास सोपे आहेत. अक्षर उजवीकडे झुकलें तर माणूस प्रेमळ व मनमोकळा, डावीकडे झुकलें तर आपल्यांतच राहणारा, इंग्रजी 'टी' वरील आडवी रेघ उंच असली तर महत्त्वाकांक्षा मोठी, इत्यादि.

आतां या नियमांची परीक्षा आपल्याच अंगणांत करून पाहूं. आपल्या देवनागरींत 'टी' ची आडवी रेघ नाहीं, 'आय' वरचें टिंब नाहीं. आपलीं अक्षरें शिरोरेषेस टांगलेलीं. मोडींत तर आधीं ओळभर रेघ ओढावयाची आणि मग तिच्याखालीं अक्षरास अक्षर जोडीत जावयाचें. त्या लिपीचीं चिटणीशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशीं वळणें प्रसिद्ध होतीं. एका वळणावर हात बसविलेल्या साऱ्या कारकुनांचा स्वभाव एकच होता, असें कोण म्हणेल? आमच्या वर्गांतील कित्येक मुलांच्या घरीं तेलुगु लिहिली जाते. तिचें गोलसर वळण मुलांच्या मराठी अक्षरांतही उतरतें. कित्येक माडिया मुलांचा पाटीशीं संबंध शाळेच्या पहिल्या दिवशींच आला. घरांत पेन्सिल धरणारें दुसरें कोणी नव्हतें. अशा मुलाचें अक्षर तुटक असेल तर तो त्याच्या अंतःकरणाचा दोष नव्हे. त्याला मिळालेल्या, किंवा न मिळालेल्या, सरावाचा तो हिशेब आहे. गांधीजींनीं १९०९ सालीं आगबोटीवर 'हिंद स्वराज' लिहिलें, तेव्हां उजवा हात थकला म्हणून कित्येक पानें डाव्या हातानें लिहिलीं. पुस्तक एक, लेखक एक, आणि अक्षरांचीं वळणें दोन; मग गांधीजींचे स्वभावही दोन मानावयाचे काय?

कोणी म्हणेल, नियम कसेही असोत, अनुभव येतो कीं नाहीं तें सांगा. तीही चौकशी झालेली आहे. १९८९ सालीं इस्रायलमधील नेटर व बेन-शखर या संशोधकांनीं नोकरभरतीसाठीं केलेल्या अक्षरपरीक्षणाचे १७ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत असें दिसून आलें कीं, उमेदवार पुढें काम कसें करील हें सांगण्यांत अक्षरतज्ज्ञ हे त्या विद्येचा गंधही नसलेल्या माणसांहून सरस ठरले नाहींत. शिवाय उमेदवारानें स्वतःविषयीं मजकूर लिहिला असेल तरच अंदाज थोडासा जुळे. मजकुरांत लिहिणाराची कांहींच माहिती नसली, कीं ज्ञान बहुतेक नाहींसें होई. याचा अर्थ उघड आहे. तज्ज्ञ अक्षर वाचीत नव्हते. आपण सारे वाचतों त्याप्रमाणें मजकूर वाचीत होते.

मग लोकांस "अगदीं खरें सांगितलें!" असें कां वाटतें? याचें उत्तर अमेरिकेंतील फोरर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९४८ सालीं दिलें. त्यानें आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चांचणी घेतली आणि प्रत्येकास त्याच्या स्वभावाचें म्हणून एक वर्णन दिलें. विद्यार्थ्यांनीं त्या वर्णनाच्या खरेपणास ५ पैकीं सरासरी ४.२६ गुण दिले. गंमत ही कीं, सर्वांस दिलेलें वर्णन एकच होतें आणि तें ज्योतिषाच्या पुस्तकांतून उचललेलें होतें. "तुमच्यांत पुष्कळ सुप्त गुण आहेत, कधीं तुम्ही बोलके, कधीं अबोल असतां," असें म्हटल्यावर "नाहीं" कोण म्हणेल?

येथें आमच्या गांवची एक गोष्ट सांगतों. डेपोंत रचलेल्या सागाच्या ओंडक्याचें कापलेलें टोक पाहा. त्यावर वाढीचीं वलयें स्पष्ट दिसतात. चांगल्या पावसाच्या वर्षीं वलय रुंद, ओढीच्या वर्षीं अरुंद. अशा वलयांवरून गेलेल्या काळांतील पावसाचा माग काढण्याचें काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंत झालेलें आहे. तें शास्त्र खरें, कारण पाऊस आणि वलय यांच्यामधील कार्यकारणभाव दाखवितां येतो. परंतु त्याच टोकावर मोजणी करणाराचा रंगानें लिहिलेला क्रमांकही असतो. तो वळणदार आहे म्हणून लाकूड चांगलें, असें म्हणणारा व्यापारी एका लिलावांतच बुडेल. अक्षरपरीक्षक आपणांस वलय वाचून दाखवितों म्हणतो. वाचतो मात्र क्रमांक.

अक्षर कांहींच सांगत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. लेख कोणाच्या हातचा, हें पुष्कळदां त्यावरून ओळखतां येतें. म्हणूनच १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेला भारतीय साक्ष्य अधिनियमही पूर्वीच्या कायद्याप्रमाणें हस्ताक्षराच्या ओळखीविषयीं तज्ज्ञाचें मत ग्राह्य धरतो. कंपवातांत अक्षर बारीक होत जातें, आणि वैद्य त्याकडे लक्ष देतात. परंतु या मर्यादित क्षेत्रांतही केवढी सावधगिरी हवी, याची साक्ष फ्रान्सचाच इतिहास देतो. १८९४ सालीं ड्रेफस या लष्करी अधिकाऱ्यास एका चिठ्ठीच्या अक्षरावरून राजद्रोही ठरवून दूरच्या बेटावर धाडण्यांत आलें. चिठ्ठी दुसऱ्याची होती. तो निर्दोष असल्याचा निवाडा १९०६ सालीं झाला. लेख कोणाचा, एवढेंच सांगतांना नामांकित माणसें अशी चुकलीं. मग लिहिणारा प्रामाणिक कीं लबाड, हें कोण कशाच्या बळावर सांगणार?

ही चर्चा पोकळ नव्हे. आमचा एक माजी विद्यार्थी शहरांतील एका दुकानीं हिशेबनीसाच्या जागेसाठीं गेला. तेथें त्याजकडून एक पान लिहवून घेतलें गेलें, आणि पुढें त्यास असें कळलें कीं, डावीकडे झुकणारें अक्षर हें मनांत कांहीं लपवीत असल्याचें चिन्ह मानून त्याचें नांव गाळण्यांत आलें. या मुलानें आमच्या शाळेचें वस्तुभांडार दोन वर्षें सांभाळलें आणि एका पैशाची चूक येऊं दिली नाहीं. तो डावखुरा आहे, एवढाच काय तो त्याच्या अक्षराचा भेद! त्यानें आम्हांस विचारलें, "सर, मीं काय लपवलें?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आणि दुसऱ्यास नांवें ठेवतांना आमचाही अपराध कबूल केला पाहिजे. पूर्वीं एका मुलीच्या प्रगतिपुस्तकांत तिचें वाकडेंतिकडें अक्षर पाहून आम्हीं "निष्काळजी" असा शेरा मारला होता. पुढें डोळे तपासले तेव्हां कळलें कीं, तिला फळा धूसर दिसत होता. चष्मा आला, अक्षर सुधारलें. आमचा शेरा मात्र त्या पुस्तकांत तसाच राहिला.

मग कामावरचा माणूस ओळखावा कसा? उन्हाळ्यांत तेंदूपानांच्या फळीवर जाऊन उभे राहा. पहाटे रानांत गेलेली बाई पुडके बांधून आणते. मुनशी तिच्या कार्डावर आंकडा लिहितो. तिला अक्षरओळख नाहीं. मुनशीचें अक्षर मोत्यासारखें असेल किंवा कोंबडीच्या पायांसारखें. तिच्या घरची चूल त्यावर अवलंबून नाहीं. शंभर पुडक्यांचे त्यानें शंभर लिहिले कीं नव्वद, यावर ती अवलंबून आहे. ज्याला वाचतां येत नाहीं, त्याच्यासमोर आपण काय लिहितों, यांत माणसाचा स्वभाव दिसतो. तो कागदाच्या एका पानावर दहा ओळींत दिसत नाहीं. रोजच्या कामांत, कोणी पाहत नसतांना, हळूहळू दिसतो.

पवित्र शास्त्रांत रोमकरांस लिहिलेलें पत्र आपण पौलाचें म्हणून वाचतों. परंतु तें ज्याच्या हातानें लिहिलें गेलें तो तर्तियूस होता, आणि शेवटीं तो आपला नमस्कारही कळवितो. अक्षर तर्तियूसाचें, अंतःकरण पौलाचें. गलतीकरांच्या पत्रांत पौल स्वतःच्या हातानें लिहूं लागला, तेव्हां आपलीं अक्षरें मोठमोठीं आल्याचें त्यानें स्वतःच सांगितलें. त्या मोठ्या अक्षरांवरून कोणी त्यास गर्विष्ठ ठरविलें नाहीं. आणि इशायाच्या पुत्रांची पारख करावयास गेलेल्या शमुवेलाला परमेश्वरानें जी शिकवण दिली, ती आम्हां शिक्षकांनीं व पालकांनीं नित्य आठवावी: मनुष्य बाहेरचें पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो.

तेव्हां पालकहो, तें शुल्क पाठवूं नका. त्या पैशांत एक चांगली वही व लेखणी येईल. मुलाचा कल जाणावयाचा असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याला काम सांगा, तें तो कसें करतो तें पाहा. ज्यांच्या हातीं नोकरी देणें आहे, त्यांनीं उमेदवारास आठ दिवस प्रत्यक्ष काम द्यावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, अक्षर अवश्य सुधारा. मात्र कोणी तुमचा स्वभाव चांगला म्हणावा यासाठीं नव्हे, तर वाचणाराच्या डोळ्यांस त्रास होऊं नये यासाठीं. सुवाच्य अक्षर हें वाचकाशीं दाखविलेलें सौजन्य आहे. तें वळणदार असलें तर आनंदच आहे. पण त्या वळणदार अक्षरांत लिहिलेलें खरें असलें पाहिजे; आमच्या मतें तीच अक्षराची शेवटची परीक्षा होय.