जिम फेल्प्स गद्दार नव्हता

"मिशन इम्पॉसिबल" म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? टॉम क्रूझ. छतातून दोरीला लोंबकळणारा टॉम क्रूझ, नाहीतर बुर्ज खलिफाला पालीसारखा चिकटलेला टॉम क्रूझ. माझंही तसंच होतं. १९९६ चा पहिला सिनेमा मी कॉलेजात असताना मित्रांबरोबर पाहिला. त्यातला वयस्कर बॉस जिम फेल्प्स शेवटी गद्दार निघतो, तेव्हा आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या. (तीस वर्षं होत आली, आता शेवट फोडायला हरकत नसावी.)

त्या टाळ्यांची मला पुढे लाज वाटली, त्याची ही गोष्ट.

२००७ साली मी प्रोजेक्टसाठी अमेरिकेत होतो. आमच्या टीममध्ये पन्नाशीचे एक गृहस्थ होते. मितभाषी, आपलं काम बरं की आपण बरं. एकदा लंचला मी या सिनेमांचा विषय काढला, तर म्हणाले, "मी पहिला पाहिला. पुढचे नाही पाहिले." का? "त्यांनी जिमला गद्दार केलं." सख्ख्या काकांवर कुणी चोरीचा आळ घ्यावा ना, त्या सुरात. दुसऱ्या दिवशी माझ्या डेस्कवर मूळ मालिकेच्या पहिल्या सीझनच्या डीव्हीडी. "आधी हे बघ, मग बोलू."

म्हटलं, बघू तरी.

ही मालिका सीबीएसवर १७ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली आणि मार्च १९७३ पर्यंत चालली. सात सीझन, १७१ भाग. लालो शिफ्रिनची ती पाच मात्रांची धून तुम्ही ऐकली आहेच, निदान कुणाच्या तरी मोबाइलची रिंगटोन म्हणून. प्रत्येक भागाचा साचा एकच. बॉसला कुठेतरी लपवलेला टेप मिळतो, त्यात काम सांगितलेलं असतं, मग टेपमधून धूर निघतो आणि तो नष्ट होतो. बॉस फोटो चाळून टीम निवडतो. घरात बसून प्लॅनची थोडी चर्चा. आणि मग थेट काम.

गंमत अशी की प्लॅन आपल्याला पूर्ण सांगत नाहीत. बार्नी भिंतीला भोक का पाडतोय, रोलिन कुणाचा मुखवटा चढवतोय, हे आपण बघत बघत जुळवायचं. पात्रांना घरदार जवळजवळ नाहीच. कुणाचं प्रेमप्रकरण नाही, कुणाचं दुःखी बालपण नाही, यशस्वी झाल्यावर भाषण नाही. काम झालं की सगळे एका गाडीत बसतात आणि निघून जातात. बस्स.

मी पहिल्या तीन भागांतच अडकलो. कारण सरळ होतं. आम्ही प्रोग्रामर मंडळी ज्या टीमचं स्वप्न बघतो, ती ही टीम! प्रत्येकाला आपलं काम येतं. दुसऱ्यालाही त्याचं येतं याची खात्री असते. बार्नी कॉलियर व्हेंटिलेशनच्या बोगद्यात हत्यारांची पेटी घेऊन आडवा पडलेला असतो, आणि वरच्या मजल्यावर सिनॅमन जीव धोक्यात घालून बोलत बसलेली असते, कारण तिला माहीत असतं की बार्नी बरोबर वेळेवर तार जोडणार. क्रेडिट कुणाचं, हा प्रश्नच नाही. आपल्या अप्रेझलच्या दिवसांत हे पाहून डोळे पाणावतात हो...

हा बार्नी साकारला ग्रेग मॉरिस या कृष्णवर्णीय नटाने. नागरी हक्कांचा कायदा झाला १९६४ ला, आणि १९६६ ला हा माणूस अमेरिकेच्या दिवाणखान्यात टीमचा सगळ्यात हुशार इंजिनिअर म्हणून दिसत होता. त्यावर मालिकेत कुणी अवाक्षर काढत नाही. त्याचं काम बोलतं.

म्हणून १९९६ चा घाव खोल गेला. सिनेमाने सुरुवातीलाच टीम मारून टाकली आणि तिचा खुनी ठरवला बॉसला. सहा सीझन फेल्प्सची भूमिका करणाऱ्या पीटर ग्रेव्ह्‌जने ती नाकारली, सिनेमात जॉन व्हॉइट आला. ग्रेग मॉरिस तर सिनेमा संपायच्या आधीच थिएटरमधून उठून गेला. लोक याला म्हाताऱ्यांचा हट्ट म्हणतात. मला तसं नाही वाटत. मालिकेचं सगळं रहस्य, सगळी गंमत एका विटेवर उभी होती : आत कुणी दगा देणार नाही. तीच वीट काढली, आणि वर नाव जुनंच ठेवलं. चाहत्यांचा राग हक्काचा होता.

आता दुसरी बाजू. मी डीव्हीडी परत केल्या तेव्हा त्या गृहस्थांना विचारलं, "पण हे लोक दुसऱ्यांच्या देशात घुसून सरकारं उलथवतात, त्याचं काय?"

मालिकेतले देश बहुतेक काल्पनिक असतात. पाट्यांवरची भाषाही बनवलेली, अमेरिकन प्रेक्षकाला अंदाजाने कळेल अशी. निर्माता ब्रूस गेलरच्या नावावरून तिला गेलरीज म्हणतात. पण खरे देश होतेच ना. इराण १९५३, ग्वाटेमाला १९५४. सीआयएचे असले उद्योग १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने चव्हाट्यावर आणले, आणि त्यात मुखवटे काढून गाडीत बसून निघून जाण्याइतकं काही स्वच्छ नव्हतं. मालिका स्वतःही शेवटच्या सीझनांत परदेश सोडून अमेरिकेतल्या गुन्हेगारी टोळ्यांकडे वळली होती. मी तर वसाहत राहिलेल्या देशातला माणूस. बाहेरून येऊन आपलं सरकार 'दुरुस्त' करणारे लोक आपल्याला हिरो वाटणं जरा जडच जातं.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हो. नऊ वर्षांचा होतो तेव्हा हे कळलं नाही. आता कळतं. तरी बघतो."

मला हे उत्तर फार आवडलं. आपण जे लहानपणी प्रेमाने पाहिलं ते पवित्रच होतं असं म्हणायची गरज नाही, आणि त्यातलं वाईट दिसलं म्हणून प्रेम खोटं होतं असंही नाही. त्या टीमचा एकमेकांवरचा विश्वास खरा मोलाचा होता. त्यांना दिलेलं काम मात्र अनेकदा चुकीचं होतं. आपल्या ऑफिसांतही हे घडतंच की. उत्तम टीम, झकास कोड, आणि आपण नेमकं काय बनवतोय हे कुणी विचारत नाही. बार्नीने तार जोडण्याआधी एकदा तरी विचारायला हवं होतं.

२०२५ च्या आठव्या सिनेमात जिम फेल्प्सचा मुलगा दाखवलाय. म्हणजे एकोणतीस वर्षांनीही ते भूत उतरलेलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये लालो शिफ्रिन ९३ व्या वर्षी गेले. त्या रात्री मी एक जुना भाग लावला. टेपमधून धूर निघाला, फोटो टेबलावर पडले, बार्नी पेटी घेऊन निघाला.

टाळ्या वाजवल्या नाहीत. पण जिम, त्या १९९६ च्या टाळ्या मी परत घेतल्या बरं का.