गर्तेतले पाणी साचलेले नसते

महासागराच्या अगदी तळाशी काय असते, असे वर्गात विचारले की ठरलेले उत्तर येते : काळोख, थंडी आणि निश्चल पाणी. यातील पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. तिसरी मात्र चूक आहे. ही चूक निरुपद्रवी नाही, असे माझे मत आहे.

पॅसिफिक महासागरातील मरियाना गर्ता सुमारे ११ किलोमीटर खोल आहे. तिच्या तळाशी पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. इतक्या खोल खड्ड्यात पाणी जुन्या विहिरीसारखे साचून राहत असेल, असे कोणालाही वाटेल.

परंतु साचलेल्या पाण्याची एक खूण असते. वरून पडणारे मृत जीव कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. नवे पाणी आले नाही, तर तो संपतो. तुर्कस्तानच्या उत्तरेकडील काळ्या समुद्रात हेच घडले आहे. तेथे नद्यांचे हलके पाणी झाकणासारखे वर पसरते. त्यामुळे सुमारे २०० मीटरखाली प्राणवायू नाही. आहे तो विषारी हायड्रोजन सल्फाइड. मरियाना गर्तेच्या तळाशी मात्र प्राणवायू आहे आणि जीवसृष्टीही आहे. म्हणजे तेथे नवे पाणी पोचतेच!

ते येते कोठून? अंटार्क्टिकाजवळ समुद्र गोठताना बर्फातून मीठ बाहेर पडते. उरलेले थंड, खारट पाणी जड होऊन बुडते. वाटेत इतर पाण्यात मिसळत, तळालगत उत्तरेकडे सरकत ते शेकडो वर्षांनी पॅसिफिकच्या गर्तांत उतरते. पृथ्वीच्या परिवलनामुळे गर्तेच्या दोन भिंतींलगत ते परस्परविरुद्ध दिशांनी वाहते. भरती-ओहोटीचे हेलकावे तेथेही पोचतात आणि पाणी घुसळतात. वेग सेकंदाला जेमतेम काही सेंटिमीटर. पण विसावा नाही.

आता चुकीची किंमत पाहा. १९५० च्या दशकात किरणोत्सर्गी कचरा अशा गर्तांत टाकावा, असा विचार गंभीरपणे मांडला गेला होता. तळाचे पाणी वर येतच नाही, हा त्यामागचा समज. समुद्रात असा कचरा टाकण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी यायला १९९३ साल उजाडले. वरची घाणही खाली पोचतेच. मरियाना गर्तेतील झिंग्यासारख्या चिमुकल्या प्राण्यांच्या शरीरात कारखान्यांतील पीसीबी ही विषारी रसायने आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून शिक्षकांना विनंती : फळ्यावर सागरतळाची आकृती काढताना गर्तेत पाण्याच्या प्रवाहाचे बाणही काढा. आणि विद्यार्थी मित्रहो, "द्या समुद्रात टाकून" असे कोणी म्हणाले, तर एवढेच विचारा, "आणि तेथून ते पुढे कोठे जाईल?"