पिठाचा कोंबडा आणि आमच्या हॉलमधला क्रेटॉस



गेल्या महिन्यात मुलगा हॉस्टेलवरून सुट्टीला आला आणि येताना मित्राचं प्लेस्टेशन घेऊन आला. दोन दिवस मी नुसता आवाज ऐकत होते. तिसऱ्या दिवशी भाजी निवडायला हॉलमध्येच बसले. चौथ्या दिवशी कंट्रोलर माझ्या हातात होता. खोटं कशाला सांगू?

गेमचं नाव ‘गॉड ऑफ वॉर’, 2018 सालचा. या नावाचा पहिला गेम 2005 साली प्लेस्टेशन टूवर आला होता. आमचे धाकटे भावजी तो रात्र रात्र खेळायचे. त्यातला क्रेटॉस म्हणजे स्पार्टाचा सेनापती, अंगभर पांढरी राख फासलेला. ती राख त्याच्याच बायकोची आणि मुलीची. युद्धदेवाच्या नादी लागून त्याने रागाच्या भरात आपल्याच माणसांना मारलेलं असतं. एके ठिकाणी पिंजऱ्यात एक सैनिक असतो, जिवाची भीक मागत असतो. त्याचा पिंजरा चढावर ढकलत न्यायचा आणि त्याला जिवंत जाळायचं, तेव्हाच पुढची वाट उघडते. ते पाहून मी तेव्हा भावजींना म्हटलं होतं, हे माझ्या देवघराच्या भिंतीपलीकडे नको.

नवा गेम त्याच माणसाचा आहे. आता तो उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात राहतो, दाढी वाढलेली, शेजारी दहाबारा वर्षांचा मुलगा अत्रेयस. सुरुवातीलाच दुसरी बायको वारलेली आहे, तिच्या चितेसाठी तो झाड तोडतोय. तिची राख सगळ्यांत उंच शिखरावरून उधळायची, एवढी तिची इच्छा. संपूर्ण गेम या एका प्रवासाचा. कॅमेरा शेवटपर्यंत कुठे तुटतच नाही, त्यामुळे आपण त्यांच्या मागोमाग चालतोय असंच वाटतं.

चितेनंतर लगेच बाप मुलाला हरणाच्या शिकारीला नेतो. इथे मी अडकले. बाण लागतो, पण हरीण जिवंत असतं. मुलाच्या हातात आईचा सुरा, आणि त्याचा हात काही पुढे जात नाही. मग बाप त्याच्या हातावर आपला हात ठेवून सुरा आत ढकलतो. खेळणाऱ्याला हे टाळता येत नाही. मी कंट्रोलर खाली ठेवला. सासूबाई मागे माळ घेऊन बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “यशोधराचा कोंबडाही पिठाचाच होता गं.”

कथा तुम्हाला माहीत आहेच. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’मध्ये, म्हणजे इ. स. 959 मध्ये ती सविस्तर आली आहे. दुःस्वप्नाचं निवारण म्हणून आई चंद्रमती बळी द्यायला सांगते, राजा यशोधर नको म्हणतो, आणि शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो बळी देतात. तेवढ्यावर मायलेकांना मोर, कुत्रा असे कितीतरी जन्म भोगावे लागले. मग माझ्या टीव्हीतलं हरीण तरी कशाचं बनलेलं? पीठही नाही, नुसता उजेड.

दोन दिवस हाच विचार. पोळ्या लाटतानाही तोच. माझं मत असं झालं आहे, तुम्हाला पटेल न पटेल. यशोधराचा दोष पिठात नव्हता. पीठ तर आपण रोजच कापतो, शंकरपाळ्या काय आपोआप होतात? दोष संकल्पात होता. हा खराच बळी मानला जावो, या भावनेने त्याने शस्त्र चालवलं. हरणापाशी माझा भाव मारण्याचा नव्हता, हात थरथरत होता. इथवर मी स्वतःला निर्दोष ठरवलं.

पण त्याच संध्याकाळी एका राक्षसाने मला पाच वेळा मारलं. सहाव्यांदा मी कुऱ्हाड फेकली, ती परत हातात बोलावली (बटण दाबलं की ती सपकन परत येते, फार मजा वाटते, नाकारत नाही), त्याला पाडलं आणि मोठ्याने म्हणाले, “घे मेल्या!” धाकटी मुलगी दारात उभी. तिला हा गेम बघायची बंदी, कारण युरोपात तो 18 वर्षांपुढच्यांसाठीच आहे आणि ते बरोबरच आहे. ती म्हणाली, “आई, तू कुणावर एवढी चिडलीस?” कुणावर? कुणीच तर नव्हतं समोर. पण क्रोध खरा होता, श्वास लागला होता. ते पाप पडद्यावरचं नाही, माझं.

गंमत म्हणजे गेमलाही हे कळतं. एका राक्षसाला मारल्यावर मुलगा त्याच्या मृत देहावर सुरा चालवतच राहतो, तेव्हा बापच त्याला आवरतो आणि तू अजून तयार नाहीस म्हणतो. पुढे आपण देव आहोत हे कळल्यावर मुलगा असा फुगतो की, बाप नको म्हणत असताना एका हरलेल्या शत्रूला मारून टाकतो. मान कषाय इतका स्वच्छ मी प्रवचनातही क्वचितच पाहिला. शेवटी फ्रेयाचा जीव वाचवायला क्रेटॉस तिच्याच मुलाला मारतो आणि ती आई त्याचे उपकार मानत नाही, शाप देते. एका वैराला दुसरं कसं फुटतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. इतका पश्चात्ताप शिकवणारा हा गेम दोन प्रसंगांच्या मध्ये तुमच्याकडून शेकडो जीव मारून घेतो, तेही चिरून, फाडून, आणि त्यात आनंद वाटावा अशी सगळी रचना. बापाला खंत आहे, पण अंगठ्याला चटक लागते. मुलाला हे म्हटलं तर तो म्हणाला, “मम्मी, मारामारी नसेल तर लोक विकत कशाला घेतील?” लोभ कषायही आलाच की.

आम्ही गेम पूर्ण केला. राख शिखरावरून उधळली तेव्हा सासूबाईंनी माळ थांबवून पाहिलं, बोलल्या काही नाहीत. पुढचा भाग ‘रॅग्नारॉक’ 2022 मध्येच येऊन गेलाय, मुलगा दिवाळीत आणणार म्हणतो. मी सांगितलंय, आण. पण अष्टमी-चतुर्दशीला टीव्ही बंद, आणि मी “घे मेल्या” म्हटलं की कंट्रोलर त्या दिवसापुरता सासूबाईंकडे. त्यांनी तो ठेवायला कपाटात जागाही करून ठेवली आहे.