शरणागती झाली, न्याय राहिला

१८ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. घाटनांदूरपासून हैदराबादपर्यंत निजामी संपली. न्याय मात्र झाला नाही. रझाकारांचे पुढारी कासीम रझवी यांच्यावर खटला चालला आणि ते तुरुंगात गेले. पण ज्याच्या छत्राखाली रझाकार माजले, तो निजाम १९५० साली राजप्रमुख झाला! टोकियोतही सेनानी फासावर चढले, सम्राट सिंहासनावरच राहिला. उलट, पोलीस कारवाईनंतर शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. तिची नोंद करणारा सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने अनेक दशके दडपून ठेवला. राजाला अभय आणि विजेत्यांच्या गुन्ह्यांवर मौन, हा न्याय नव्हे. मुक्तिदिनी झेंडा फडकवणाऱ्यांनी दोन्ही हिशेब मागितले पाहिजेत.